घराघरांतून निघालेले पापाचे गोळे

शिंपीकाकांच्या दारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सची नोकरी करणारी त्यांची पुतणी ड्यूटी संपवून कशीबशी गर्दीत घुसली, तर मधोमध वेलबाबा कुदळ घेऊन उभे! डोळे मिटलेले, पण कुदळ बरोब्बर जागेवर पडत होती. बाबांनी मातीतून डोक्याएवढा तपकिरी गोळा उपसला, तशी माणसं दोन पावलं मागे सरली.

"या घराचं पाप!" बाबा गरजले. "हेच वेलाला खात होतं आणि वेलाबरोबर घरधन्याला! शिवू नका, हात झडतील! विचारू नका, जीभ झडेल!"

मग स्वतः दोन्ही हातांनी गोळा उचलून त्यांनी गोणीत टाकला. त्यांचे हात काही झडले नाहीत, पण बघतो कोण!

त्याचं असं झालं होतं. गल्ली सोडून जाताना एका म्हाताऱ्याने घरोघर एकेक गड्डा वाटला. "लावा, छान वेल येईल," एवढंच सांगून तो गेला. वेल खरंच छान आले, छपरांवर चढले. पण थंडी पडताच सगळे एकदम पिवळे! त्याच आठवड्यात काका मशीनवर कापड शिवता शिवता चक्कर येऊन पडले. मग काय, वेल बघून घराचं पाप सांगणारे वेलबाबा उगवलेच आणि गेले काही दिवस घरोघर पापं खणत सुटले.

"काकू, काकांच्या प्रेशरच्या गोळ्या कुठायत?" पुतणीने विचारलं.

"बंद केल्यात. वेलाला नवा कोंब फुटेपर्यंत औषध घ्यायचं नाही, असं बाबांनी सांगितलंय."

"आणि कोंब कधी फुटणार?"

"उन्हाळ्याच्या तोंडाशी."

पुतणीने काकांचं प्रेशर मोजलं. एकशे नव्वद! पण आता वाद घातला तर काकू रडणार आणि गर्दी तिलाच पापी ठरवणार. ती गुपचूप बाबांच्या हातगाडीमागे निघाली. गाडी थेट मंडईत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेजारच्या दारात पाप खणत होते. पुतणी एका भाजीवालीला घेऊन आली. बाबांना बघताच भाजीवालीचा चेहरा खुलला.

"अगंबाई, तुम्ही इथनं आणता होय माल? काल कमी पडला की हो! आज दोन गोण्या टाका."

"कोण ही बाई? मी ओळखत नाही!"

"आता गं बाई! काल तर ताई ताई करत होतात!"

भाजीवालीने गोळा हातात घेऊन माती झटकली. "हे कोनफळ. गड्डा तयार झाला की वेल पिवळा पडतो, तेव्हाच खणायचं. वरचा तुकडा मातीत ठेवला की ऊन चढल्यावर आपोआप फुटतो. बाबा असोत नाहीतर नसोत."

"पण खाल्लं तर माणूस मरतो ना?" कोणीतरी घाबरत विचारलं.

"उकडून खातात, मस्त लागतं. या खानावळवाल्यांना विचारा, चार दिवस माझ्याकडनं सोललेल्या फोडी नेतायत."

खानावळवाल्याचा चेहरा पांढराफटक. अख्खी गल्ली चार दिवस त्याच्याकडे बोटं चाटत होती! आपलंच नव्हे, शेजाऱ्यांचंही पाप सगळ्यांनी पचवलं होतं. आधी एकजण हसला, मग हसू आवरेना. तेवढ्यात बाबांनी हातगाडी तिथेच टाकून धूम ठोकली.

काकू मात्र हसल्या नाहीत. "मग यांना चक्कर कशी आली गं?"

"काकू, वेल पिवळा पडला तो कोनफळ तयार झालं म्हणून. काकांना चक्कर आली ती प्रेशरमुळे. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, एवढंच. वेलाचं माळ्याला विचारा, माणसाचं डॉक्टरला. आणि जो प्रश्नच विचारू देत नाही, त्याला दारात उभं करू नका."

काकूंनी फडताळातून गोळी काढून काकांच्या तळहातावर ठेवली. काकांनी ती घाईघाईने गिळली.

"एवढी हवी होती, तर मागितली का नाहीत?"

"तू इतक्या आशेने हात जोडून बसायचीस," काका म्हणाले, "मला नाही म्हणवेना."

काकू मटकन खाली बसल्या आणि त्यांचा हात धरून हमसून हमसून रडल्या.