ओफेलिया ‘नको’ म्हणालीच नव्हती

गुरुवारी दुपारी ओफेलिया सफरचंदांच्या पॅकिंग शेडमधून घरी आली, तेव्हा तिची थोरली लेक यारेत्झी एका हाताने जुळ्या भावांची मारामारी सोडवत होती. दुसऱ्या हातात फोन होता. “हो, मीच ओफेलिया बोलतेय,” असं ती वीज कंपनीच्या माणसाला बाईमाणसाचा आवाज काढून सांगत होती. जुळी खिदळली. तव्यावरचा तोर्तिया करपला.

यारेत्झी सातवीत होती. बारा वर्षांची पोर! अमेरिकेतल्या आमच्या याकिमा खोऱ्यात मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेली घरं पुष्कळ आहेत आणि त्यांची रीत एकच. थोरली मुलगी इंग्रजी बोलायला लागली की सगळ्या घराच्या वतीने तिनेच बोलायचं. दवाखान्यात ती, बँकेत ती, घरमालकाशी वाद घालायलाही तीच. तिचा बाप रिगोबेर्तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, “आमची यारे म्हणजे आमची वकील!” लोक वाहवा करायचे. कसली वाहवा करता, मेल्यांनो? गेल्या हिवाळ्यात बापाच्या मूत्रपिंडात गाठ आहे, हे डॉक्टरने आधी सांगितलं ते या पोरीला. मग तिने बापाच्या डोळ्यांत बघून ते त्याला सांगितलं आणि घरी येऊन भडाभडा ओकली. गाठ पुढे साधी निघाली, पण तेव्हापासून पोरीची झोप जी उडाली ती उडालीच.

त्याच संध्याकाळी शाळेत पालकांना बोलावलं होतं. मुलांना पुढची दिशा दाखवणाऱ्या मिस व्हिटेकर टेबलापलीकडे बसल्या होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण घाईत होत्या. शाळेत फोनवरून दुभाषी मिळायचा. पोरगी समोर असताना तो नंबर फिरवायचा कुणी?

“यारेत्झीचं गणित फार चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी तिला बीजगणिताच्या वर्गात घालू या. आणि शनिवारी आमचा एक वर्ग असतो, मुलांसाठी आणि पालकांसाठीही. कॉलेजात कसं जायचं, शिष्यवृत्ती कशी मिळवायची, याची आतापासूनच तयारी करून घेतो. आईला विचार, याल का?”

ओफेलिया लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. यारेत्झीने मान खाली घातली. शनिवारी आई शेडमध्ये, बाप बागेत आणि जुळी तिच्या गळ्यात, हे ठरलेलं होतं.

“अमा, बाई म्हणतात मी हुशार आहे. असाच अभ्यास कर म्हणाल्या.”

“देव त्यांचं भलं करो! विचार, आणखी काही आहे का?”

यारेत्झी बाईंकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, “आई नको म्हणतेय. शनिवारी नाही जमणार.”

मिस व्हिटेकरनी उसासा टाकला. ओफेलियाने मोठ्या प्रेमाने त्यांचा हात हातात घेऊन दाबला. पोरीच्या शिक्षणावर पाणी सोडते आणि वर हसतेही, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी पुढच्या पालकांना हाक मारली.

रविवारी चर्चच्या अंगणात ग्रासिएलाने ओफेलियाला गाठलं. शनिवारचा वर्ग हीच चालवायची. स्वतः बागकामगाराची लेक, त्यामुळे तोंडाने फटकळ.

“काय गं, पोरीलाही जन्मभर सफरचंदंच निवडायला बसवणार का तू?”

“असं का बोलतेस?”

“मग कॉलेजच्या वर्गाला नको का म्हणालीस? शाळेतल्या बाईंनीच सांगितलं मला!”

“कसला वर्ग? मी कुणाला नको म्हणाले?”

मग ओफेलियाला आठवलं, शाळेत तिच्या वतीने बोलली होती ती यारेत्झी.

घरी आल्यावर तिने लेकीला समोर उभं केलं. “खोटं का बोललीस?”

“मग काय करू?” यारेत्झी ओरडलीच. “जुळ्यांना कोण बघणार? तू शनिवारी गेली नाहीस तर मुकादम तुला ठेवेल का? आणि मी कॉलेजात गेले तर अपांना डॉक्टर काय म्हणतो ते कोण सांगणार? सांग ना! मला जायचंय गं अमा, पण तुमचं काय होईल?”

रिगोबेर्तो खुर्चीतून म्हणाला, “पोरीला जास्त कळतं तुझ्यापेक्षा. कॉलेज म्हणजे घर सोडून राहणं आलं. आमच्यात मुलगी घराबाहेर पडते ती पांढऱ्या झग्यात, लग्न करून.”

“मी पडले ना पांढऱ्या झग्यात?” ओफेलिया म्हणाली. “काय दिवे लावले? आजही दवाखान्यात माझं पोट दुखतं हे माझी पोर सांगते. पुरे झालं. शनिवारी जुळी तू सांभाळायची. तुझीच आहेत ती.”

“आणि बागेतलं काम?”

“ते तू बघ. मी माझ्या मुकादमाला सांगते, तू तुझ्याला सांग.”

तो धाडकन दार आपटून बाहेर गेला. बराच वेळ अंगणात त्याच्या येरझाऱ्या चालू होत्या. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

सोमवारी ओफेलिया शेडला न जाता शाळेत गेली. मिस व्हिटेकरनी सवयीने यारेत्झीला वर्गातून बोलावून घेतलं. ओफेलियाने तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि शेडमधल्या एका बाईकडून आदल्या रात्री घोकून घेतलेलं इंग्रजी म्हणून टाकलं, “दुभाषी पाहिजे. माझी मुलगी नको.”

“आज जरा घाई आहे, तिलाच...”

“माझी मुलगी नको.” आणि ती खुर्चीत ठाण मांडून बसली.

शेवटी बाईंनी नंबर फिरवला. फोनमधून एका परक्या बाईचा स्पॅनिश आवाज आला आणि ओफेलियाला एकदम मोकळं वाटलं.

“पण गेल्या वेळी तुम्हीच नको म्हणालात ना?” मिस व्हिटेकर म्हणाल्या.

“ते तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंत?”

बाईंनी बंद दाराकडे बघितलं.

“बाई, तुम्ही बारा वर्षांच्या पोरीला विचारलंत, कॉलेजात जायचं की घर सांभाळायचं? आमच्या घरांतली कुठलीही पोर दुसरं काय सांगणार? मीही तेच करत आले. तिच्या मानेवर बसूनच आम्ही हा देश बघितला. आता उतरते. तिचं नाव घाला, आणि माझंही घाला.”

मिस व्हिटेकरनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि दोन्ही नावं लिहिली.

बाहेर यारेत्झी बाकावर नखं कुरतडत होती. दार उघडताच ती धावत आली. “अमा, काय म्हणाल्या बाई? सांग ना, काय झालं?”

आजवर हा प्रश्न त्या घरात नेहमी आईने लेकीला विचारला होता.

“मोठ्यांचं बोलणं होतं ते,” ओफेलिया म्हणाली. “तू वर्गात जा.”