लाल पानातला हिरवा

थोरलीनं वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की कुंडीतल्या त्या लालभडक पानातही हिरवा रंग असतो. पोरं खो खो हसली. बाई म्हणाल्या, "उद्या दाखव बरं." तेव्हापासून ती आईच्या मागं हात धुऊन लागली होती.

आई एकेकाळी प्रयोगशाळेत असे मिसळलेले रंग वेगळे करायचंच काम करायची. पण धाकटा झाल्यापासून झोपेचं असं खोबरं झालं होतं, की चहात साखर घातली का तेही आठवू नये.

दुपारी बाळाचा डोळा लागला, तशी तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली. पान कुटलं, नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलं आणि त्या अर्काचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर दिला. वाळला की त्यावर आणखी एक. मग बरणीत तोच द्रव ओतून पट्टी त्यात उभी सोडली.

"आई, ठिपका बुडाला!"

खरंच. बरणीत द्रव जास्त झाला होता. रंग वर चढायचा सोडून खालीच विरघळला. नवशिक्यांना आईनंच शंभरदा टाळायला सांगितलेली चूक.

"पोहणाराच बुडतो म्हणतात," दारातून सासूबाई म्हणाल्या. "जरा पड म्हटलं, तर ऐकशील तर शपथ."

"उद्या हसतील हो हिला."

तेवढ्यात बाळ किरकिरलं. सासूबाई वळल्या. "त्याला मी बघते. तू तुझं उरक."

पट्टी एकच उरली होती. तिच्यावर पुन्हा ठिपके देऊन या वेळी आईनं द्रव बोटभरही ओतला नाही. झाकण लावून दोघी टेबलावर हनुवटी टेकून बसल्या. ओल वर सरकत गेली, लाल मात्र जागचा हलेना.

"नाहीये ना गं?" थोरलीनं बरणीला नाक लावलं.

"दम धर. लाल रंग पाण्याचा सोबती. या द्रवात त्याचं पाऊल उचलत नाही."

वर पिवळी रेघ उमटली. आणि तिच्याखाली, लाजत लाजत, हिरवी.

"आहे! आई, आहे!"

"हळू गं, बाळ उठेल!" आईनं पट्टी वाळवली आणि हिरव्याभोवती पेन्सिलीनं रेघ मारली. "उजेडात हा उडून जातो. वहीत मिटून ने. फिका पडला, तरी कुठं होता ते..."

पुढचं वाक्य आलंच नाही. हातावर डोकं टेकून ती तिथंच झोपली होती.

थोरलीनं पट्टी वहीत मिटली, आईच्या बोटांतून पेन्सिल अलगद सोडवली आणि आजीला दारातच खूण केली, शूऽऽ.