मारुतीच्या दारात थांबलेला बँड

उंब्रजच्या कृष्णात बँडमास्तरला एकच खोड होती, आणि त्या खोडीनं त्याच्या संसाराचं पार वाटोळं केलं होतं. चार माणसांत कुणी त्याच्या डोक्याला फेटा बांधला की गडी विरघळायचा. आपल्याकडची रीतच ती. लग्न लागायच्या आधी यजमान बँडमास्तरला मानाचा फेटा बांधतो. आता मान घेतल्यावर त्याच तोंडानं पैसे कसे मागायचे? कृष्णातला ते कधी जमलं नाही, आणि लोकांनी ते बरोबर हेरलं होतं.

त्यातले वस्ताद म्हणजे इस्लामपूरकडचे नानासो. चाळीस एकर ऊस, पण हात खिशात गेला तर शपथ. थोरल्या दोन पोरांच्या लग्नांत त्यांनी कृष्णातचा बँड वाजवून घेतला, दोन्ही वेळा फेटा बांधला आणि "पुढल्या लग्नात एकदम देऊ की गड्या" म्हणून वाटेला लावलं. साडेचारशे रुपये गेले. चौऱ्याहत्तरच्या वैशाखात धाकट्याच्या लग्नाची सुपारी घेऊन त्यांचा माणूस पुन्हा दारात हजर. काय म्हणावं आता या माणसाला?

"आवं, तुमी गप बसा. ह्या खेपेला मी बोलते," कृष्णातची बायको लीलाबाई म्हणाली आणि त्या माणसापुढं उभी राहिली. "तीनशे. निम्मं आत्ता, इसार म्हणून. निम्मं मारुतीच्या दारात, नवरदेव पाया पडून भाईर आला की. न्हाई मिळालं, तर तिथनं मंडपापातूर बँड वाजायचा न्हाई."

माणूस हसला. पण त्या तिथीला दुसरा बँड शिल्लक नव्हता आणि नानासोंना कृष्णातच्या बँडातल्या सिद्धूचं क्लॅरिनेटच हवं होतं. दीडशे रुपये इसार आला.

सिद्धूनंही कृष्णातला बजावलं होतं. "मास्तर, फलटणचा बँडवाला मला रोखीनं बोलवतोय. ह्या लग्नाचं पैसं बुडालं तर मी चाललो. पोरंबाळं हायत मला." सिद्धू गेला की बँडात उरणार नुसते ढोल-ताशे. बापानं उभा केलेला बँड कृष्णातच्या हातानं बुडणार होता.

लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावर बसला. मुहूर्त बारा-चाळीसचा. फलटणहून ट्रक भरून आलेली नवरीकडची मंडळी सामोरी उभी. आणि नानासो पुढं आले ते हातात दहा हात गुलाबी फेटा घेऊन. पैशाचं नावच नाही.

"आमच्या कृष्णातचा मान," नानासो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

कृष्णातची मान सवयीनं खाली झुकली. अर्धी झुकली, तेवढ्यात त्याची नजर सिद्धूवर गेली. सिद्धू मुकाट्यानं क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवत होता. त्यानं मान वर केली आणि एक पाऊल मागं सरला.

"आवं नानासो, मान नंतर घेतो. आदी ठरल्यालं द्या."

"मंडपात देतो की रं. वाजीव."

"मारुतीच्या दारात ठरलंय."

एवढं बोलून कृष्णात खाली बसला. मास्तर बसला म्हणताना अठराच्या अठरा गडी वाद्यं खाली ठेवून बसले. घोडा पाय आपटायला लागला, नवरदेव घामानं निथळला. बिनवाजंत्रीचा नवरदेव मंडपात न्यायचा कसा? बाया तोंडाला पदर लावून कुजबुजायला लागल्या.

तेव्हा नवरीचे आजोबा, पलटणीतून रिटायर झालेले सुभेदार मानसिंगराव, काठी टेकत पुढं आले.

"किती ऱ्हायलंय, मास्तर?"

"आजचं दीडशे. आन मागल्या दोन लग्नांचं साडेचारशे," कृष्णात म्हणाला. मागलं सांगायचं त्याच्या मनात नव्हतं, पण विचारल्यावर तोंडातून खरंच बाहेर पडलं.

सुभेदारांनी शांतपणे कोटाच्या खिशात हात घातला. "नानासो, तुमची अडचन आसंल तर आमी भागवतो. नात द्यायला आलोय, आनखी सहाशे काय जड न्हाईत."

नानासोंचा चेहरा असा उतरला म्हणता! वरबापाच्या बँडाचे पैसे नवरीकडच्यांनी भरायचे? पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्यांनी स्वतःच्या हातानं सहाशे रुपये मोजले, भर उन्हात, सगळ्यांदेखत.

मग बँड जो उठला! सिद्धूनं क्लॅरिनेट पुन्हा जोडून असा सूर धरला की घोडासुद्धा ठेका धरून चालायला लागला. कृष्णात उघड्या डोक्यानं सगळ्यांच्या पुढं, छाती काढून. आनंदानं त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

मंडपाजवळ फलटणचा एक बागायतदार गर्दीतून वाट काढत त्याच्या शेजारी आला. "मास्तर, जेष्ठात आमच्या पोराचं लगीन हाय. येनार का?"

कृष्णातनं तोंड उघडायच्या आतच त्या गृहस्थानं त्याच्या हातात नोटा कोंबल्या.

"ह्यो निम्मा इसार. बाकीचं मी मारुतीच्या दारात घेऊनच येतो," तो म्हणाला. "आमाला मंडपात येळंवर पोचायचं हाय."