दोन इंच

मिस्त्रीची उभी हयात गाड्यांखाली पाठ घासण्यात गेली. पण गाडीची उंची कमी करून खाली बसवून द्या म्हणणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांना त्याने कधी दारात उभं केलं नाही. आता तोच स्वतःच्या छोट्या गाडीच्या चारही स्प्रिंगा सोडवून बसला होता.

दोन वर्षांपासून बायकोच्या अंगातली ताकद झिरपत चालली होती. आधी काठी आली, मग व्हीलचेअर. गेलेलं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळून होती, आणि दर रविवारी तिच्याकडे जायचं हे हिने सोडलं नव्हतं. खुर्चीतून ती मध्ये टाकलेल्या फळीवरून गाडीच्या सीटवर सरकायची. पण सीट खुर्चीपेक्षा दोन इंच उंच. तेवढा चढ आता तिला झेपेना. मिस्त्रीची कंबर कामातून गेलेली, आणि परक्याने उचललेलं तिला नको होतं.

त्याने आखूड स्प्रिंगा बसवल्या. टेपने मोजून पाहिलं. खुर्ची आणि सीट अगदी एका पातळीत. ती अलगद आत सरकली आणि हसली.

"अहो, या वयात ही कसली हौस सुचली तुम्हाला?"

पण आखूड स्प्रिंग म्हणजे कडक स्प्रिंग. पहिल्याच खड्ड्याला दणका थेट तिच्या मणक्यात गेला. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरवडलं. तो जीव मुठीत धरून चालवत होता. तिने ओठ घट्ट मिटले होते.

पोचल्यावर बहिणीने तिचा हात हातात घेतला. "तळवा इतका ओला का गं तुझा?"

"ऊन आहे, ताई."

घरी आल्यावर ती बराच वेळ सीटवरून हललीच नाही. "जरा बसू दे," एवढंच म्हणाली.

पुढे आठवडाभर मिस्त्रीने डोकं खपवलं. तेवढीच आखूड पण मऊ स्प्रिंग घातली तर गाडी दबून टायर घासणार, जुनी घातली तर सीट उंच. शेवटी त्याने ते तिला सांगितलं.

"मग?" तिने विचारलं.

"मग काही नाही."

तिने बहिणीला फोन केला. "गाडी बिघडलीय, ताई." पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी बहिणीने फोन मिस्त्रीकडे द्यायला सांगितला.

"भावजी, जगाच्या गाड्या नीट करता, आणि घरच्या गाडीला तुमच्याकडे नंबर नाही?"

"पार्ट मिळत नाहीये, ताई."

"कधी मिळेल?"

बायको त्याच्याकडे बघत होती.

"बनवणंच बंद झालंय त्याचं."

ताई हळूच म्हणाली, "बरं. तिला द्या फोन."

त्याने फोन बायकोच्या कानाला लावला आणि हात अवघडला तरी तसाच धरून उभा राहिला.