तीन आठवड्यांचा शेक

मित्रांनो, हातहात जाड भिंतींच्या या खोलीत उभे असलेले मी किरणोपचाराचे एक जुने यंत्र आहे. माझ्या उपचाराला लोक 'शेक' म्हणतात, पण माझे किरण दिसत नाहीत आणि अंगाला जाणवतही नाहीत.

मी नवे होते तेव्हा माझे कोण कौतुक! त्याच दिवसांत एक शिंपीणबाई आल्या. कर्करोगामुळे त्यांचा डावा स्तन काढला होता. मागे राहिलेला रोग मरावा म्हणून पाच आठवडे मी त्यांच्या छातीवर रोज थोडे थोडे किरण सोडायचे होते. दोन बस बदलून त्या यायच्या. हात वर करून निजताना जीव कळवळायचा, तरी मला चालवणाऱ्या ताईंना म्हणायच्या, "आता ब्लाउज बेतताना एका बाजूचं कापड वाचेल."

तीन आठवडे झाले आणि घरी सासूबाईंनी अंथरूण धरले. नवरा होता, दीर होता. पण आजाऱ्याचे सुनेनेच करायचे, असे सगळे धरून चालले. त्या उठून बसल्या की येते, असे सांगून बाई गेल्या. ताईंनी परोपरीने समजावले, फोन केले. बाई आल्या नाहीत.

काही वर्षांनी आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून. रोग मणक्यात उतरला होता. आता मी फक्त कळ कमी करू शकत होते. दाराशी डॉक्टर दुसऱ्या एका बाईंना सांगत होते, की स्तन काढल्यानंतरचा शेक आता तीनच आठवड्यांत पुरा होतो आणि गुणही तेवढाच येतो.

शिंपीणबाईंनी ते ऐकले. ताईंकडे वळून म्हणाल्या, "तीन आठवडे तर मीही आले होते की."

आता किरणांची रोजची मात्रा मोठी असते, तेव्हा लहान होती; तेव्हाचे तीन आठवडे अपुरेच, हे ताईंनी कसेबसे सांगितले.

कळ थांबली. बाई मात्र वाचल्या नाहीत. सासूबाई आजही हिंडत्याफिरत्या आहेत म्हणे.

आता माझे सुटे भाग मिळत नाहीत. मला कधी हलवतील, ठाऊक नाही. त्याचे दुःख नाही, मी लोखंडच. पण मित्रांनो, तुमच्या घरातली बाई उपचाराला निघाली, तर घरच्या आजाऱ्यापाशी तुम्ही बसा. तिला अर्ध्यातून माघारी बोलावू नका.