काम सुरू आहे, लवकरच भेटू

मी रेइनो हकालाची वेबसाइट बोलतेय. गेल्या मे महिन्यात माझ्या तोंडावर एक पाटी लागली, "काम सुरू आहे, लवकरच भेटू", आणि तिच्यामागे मी कोंडले गेले. आत माझा जीव किती घुसमटतोय, हे बाहेर कुणाला कळायची सोयच नव्हती.

माझा जन्म १९९८ चा, मिशिगनच्या पार उत्तरेला, हॉटन गावात. बर्फामुळे कॉलेजला सुट्टी मिळाली होती, तेव्हा रेइनोने एका बैठकीत मला हाताने लिहून काढलं. करडी पार्श्वभूमी, नारिंगी अक्षरं आणि तळाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आकडा. रूपाने मी बेताचीच होते. पण त्या दिवसांत तो माझ्यात लिहायचा! वडिलांनी तळ्याकाठी स्वतःच्या हाताने बांधलेल्या लाकडी घराबद्दल लिहायचा, ज्याला इकडे सगळे कॅम्पच म्हणतात. तिथल्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, थोरली बहीण आयली चुलीवर तापलेल्या दगडांवर तांब्यावर तांब्या पाणी ओतून त्याला वाफेत कशी रडवायची, तेही लिहायचा. त्या पानाखाली आयली कमेंट टाकायची, "खोटारड्या, तू आत यायच्या आधीपासूनच रडत होतास." मग याचं उत्तर, मग तिचं प्रत्युत्तर.

ही दोघं फोनवर बोलली की तिसऱ्या मिनिटाला आवाज चढायचे. लिहून बोलली की हसायची. त्यामुळे महत्त्वाचं बोलणं माझ्याकडेच करायचं, असं आपसूक ठरून गेलं. आयलीच्या घरी इंटरनेट नाही. ती दर शनिवारी तिच्या गावच्या वाचनालयात जाऊन मला उघडायची. मला तिचा लळा लागला होता, सांगायला कशाला लाजू?

पुढे रेइनोने वेबसाइट बनवायचा धंदाच सुरू केला. दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेबसाइट त्याने दहा दिवसांत दिली, बेकरीची आठ दिवसांत. माझं मात्र कधी संपलंच नाही. या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. लिहायला बसली की आधी वही बदलायला घेतात. माझी बाजूची पट्टी काढली, परत लावली, परत काढली. पार्श्वभूमी पांढरी ठेवावी की किंचित सायीच्या रंगाची, यात एक अख्खा हिवाळा गेला. एका ओळीत अक्षरं किती, तारीख मथळ्याच्या वर की खाली, दुवा अधोरेखित करायचा की नुसता निळा... दर वेळी नवं रूप आलं की तो एक लेख टाकायचा, "नवं रूप कसं वाटतंय?" माझ्यातले शेवटचे नऊ लेख हे असे आहेत. मधे दुसरं काही नाही. त्याची बायको नोरीन म्हणायचीसुद्धा, "नऊ वेळा घर रंगवलंस बाबा, राहायला कधी जाणार?"

वडील गेले आणि याच खोडीने घात केला. रेइनोला जुनी सौना पाडून नव्याने बांधायची होती. त्याने आराखडेही काढले होते, तीन वेगवेगळे. आयली फोनवर ओरडली, "तुला जुनं काही जसंच्या तसं ठेवताच येत नाही!" हाही नको ते बोलून बसला. त्यानंतर तीन वर्षं माझ्या पानांवर दोघांचं अक्षर उमटलं नाही.

आणि गेल्या मे महिन्यात आयली परत माझ्याकडे आली. कॅम्पच्या पानाखाली तिने लिहिलं. पण तोवर फालतू जाहिरातींचा सुळसुळाट झाल्यामुळे रेइनोने मंजुरीचं कुलूप घातलेलं होतं. त्याने पास केल्याशिवाय कमेंट दिसायची नाही. आयलीचं लिहिणं केस उगवायच्या औषधांच्या आणि स्वस्त घड्याळांच्या ढिगात जाऊन पडलं. रेइनोने अकराशे कमेंटचा आकडा पाहिला, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "नव्या रूपात कमेंट ठेवायच्या की नाहीत, ते आता मुळापासून ठरवू." त्याच आठवड्यात त्याने मला बंद केलं.

तिचं पत्र माझ्या पोटात आणि तोंडावर पाटी. दर शनिवारी आयली यायची, पाटी बघायची, जायची. एकवीस शनिवार मी मोजले. बिचारीला वाटलं असणार की आपण लिहिलं आणि भावाने दार लावून घेतलं. मी ओरडू शकत नव्हते. माझ्याकडे सगळ्या जगाची अक्षरं आहेत, पण माझं स्वतःचं म्हणून एकही नाही, हे तेव्हा फार बोचलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी रेइनो कमेंटची अक्षरं ठरवायला बसला. काहीतरी मजकूर भरून बघावा लागतो. निरर्थक मजकूर त्याला चालत नाही, खरी भाषाच पाहिजे. म्हणून त्याने संगणकाला जुन्या ढिगातून माफक लांबीची एक कमेंट आपोआप उचलायला लावली. नाव आणि तारखेची जागा अजून आखायची होती, त्यामुळे आला तो नुसता मजकूर.

आली ती आयलीची!

मला वाटलं, सुटले. पण या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. ते मजकूर वाचत नाहीत, बघतात. डोळे बारीक करतात, म्हणजे शब्द पुसट होतात आणि त्यांचा एक राखाडी चौकोन तेवढा उरतो. तो चौकोन दाट आहे की विरळ, हे हा गृहस्थ दोन तास बघत बसला. ओळींमधलं अंतर वाढवलं, कमी केलं, पुन्हा केसभर वाढवलं. बहिणीचं काळीज समोर उघडं पडलंय आणि हा समास मोजतोय! अरे, ओळी वाच की रे, गाढवा!

तेवढ्यात पेस्टी, म्हणजे इकडच्या खिमा-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, करणारी नोरीन पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून डोकावली. "पेस्टी गार होतायत."

"एक मिनिट. तिथूनच सांग, चष्म्याशिवाय वाचता येतंय का?"

नोरीन मोठ्याने वाचू लागली. "रेइनो, तीन वर्षं झाली. माझंही चुकलं. कॅम्पचं छत गळतंय, मला एकटीला झेपत नाही. सौना तुला हवी तशी बांध, फक्त चूल बाबांचीच राहू दे. फोन करू नकोस, आपण भांडू. इथेच लिही. पहिला बर्फ पडेपर्यंत वाट बघते. मग कॅम्प विकून टाकते." ती थांबली. "हे काय आहे?"

"नमुना आहे. अक्षर बारीक वाटतंय का?"

"अक्षर गेलं चुलीत! आयली आहे ही. वाच!"

रेइनोने वाचलं. मग खिडकीबाहेर बघितलं. सकाळपासून आभाळ भरून आलं होतं आणि आता हवेत चार-दोन पांढरे कण तरंगत होते. कमेंटच्या चौकटीत त्याने टाइप केलं, "येतोय. छताचे पत्रे घेऊन. चूल बाबांचीच." आणि मग त्याचा हात अडला.

"काय झालं?" नोरीन म्हणाली.

"हे तिला दिसायचं तर वेबसाइट उघडावी लागेल. अशी कशी उघडू? फोनवर एक रकाना दुसऱ्यावर चढतोय. मथळ्याचा रंग ठरलेला नाही. दोन तास दे."

"वाचनालय एकला बंद होतं, रेइनो. साडेबारा वाजलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. एखादी आई लेकराला शेंबडं नाक घेऊन पाहुण्यांसमोर पाठवताना बघते, तसं. मग त्याने कुलूप काढलं, पाटी काढली आणि डोळे मिटून बटण दाबलं.

एकला बारा मिनिटं कमी असताना पहिली पाहुणी आली. ती कॅम्पच्या पानावर नऊ मिनिटं थांबली. मग तिचं अक्षर उमटलं, या वेळी कुणाच्या मंजुरीशिवाय.

"लाल पत्रे आण, बाबांचे होते तसेच. आणि वेबसाइटचं हे काय ध्यान करून ठेवलंयस? पहिलीच बरी होती."

रेइनो हसला आणि बाहीने डोळे पुसत गाडीची किल्ली शोधायला गेला. तेव्हापासून मी अशीच आहे. रकाना चढलेला, मथळा बिनरंगाचा. तुम्ही आलात तर जरा सांभाळून घ्या. आणि रेइनो, परत आलास की माझ्या रंगाला हात लावू नकोस. आधी कॅम्पचं काय झालं ते लिही. आयली शनिवारी येईल.