बाईंची पसंती

कागदवाल्यांनी आयुष्यात एक नियम कधी मोडला नव्हता. घरातल्या बाईंनी पसंत केल्याशिवाय भिंतीला कागद लावायचा नाही. पुरुषमाणसं पटकन हो म्हणतात, आणि काम पुरं झालं की बाई स्वयंपाकघरातून हात पुसत येतात आणि भिंतीकडे बघून एवढंच म्हणतात, "हा?" त्या एका "हा"पायी त्यांना तरुणपणी एक अख्खा दिवाणखाना सोलून काढावा लागला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर गेल्या वर्षी त्यांनी शिडी माळ्यावर टाकली. पण गावाच्या लेखी ते कागदवालेच राहिले. त्यांच्या मुलीचा दातांचा दवाखाना होता. बाहेर बसलेली पोरं आतल्या यंत्राचा आवाज ऐकून भोकाड पसरायची, म्हणून तिनं त्यांना खेळायला एक बाहुलीचं घर आणलं. लाकडी, दोन मजली, चार खोल्यांचं, पुढची बाजू कपाटासारखी उघडणारी. आत एकच बाहुली राहत होती. अंबाडा, निळा झगा, रंगवलेलं हसू.

"बाबा, भिंतींना काहीतरी चिकटवून द्या," मुलगी म्हणाली. "शनिवारी नेते."

काहीतरी चिकटवा! कागदवाल्यांना ते फार लागलं. पण मुलगी पडली, आणि तीही दातांची डॉक्टर, म्हणून त्यांनी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जेवणाच्या टेबलावर घर मांडलं, बाहुलीला मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं आणि नमुन्यांचं जाडजूड पुस्तक तिच्यासमोर उघडलं.

"बाई, सावकाश बघा," ते म्हणाले. "घाई नाही."

समोर त्यांची बायको मटार सोलत होती. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा बाहुलीकडे, आणि पुन्हा शेंगेत बोट घातलं. कागदवाले पानं उलटत गेले. गुलाब झाले, मोर झाले. बाहुली हसतच होती. दहाव्या पानाला त्यांना घाम फुटला.

"या काही बोलतच नाहीत," ते पुटपुटले.

"नको म्हणतायत," बायको म्हणाली.

"कशावरून?"

"बाई गप्प बसली की नकोच म्हणत असते. इतक्या घरांत हिंडलात, एवढं कळलं नाही?"

कागदवाल्यांना ते पटलं. आपण आजवर कुणाकुणाच्या गप्प बसण्याला होकार समजलो, याचा ते थोडा वेळ मनात हिशोब करत बसले. मग त्यांनी पुस्तक बायकोला दिसेल असं फिरवलं. बाईंचं म्हणणं कळवणारं कुणीतरी हवंच होतं, आणि ही आयती समोर बसली होती.

"हा गुलाब?"

"एका फुलाखाली बाई अख्ख्या झाकल्या जातील."

"उभ्या पट्ट्या? पट्ट्यांनी खोली उंच दिसते."

"बाई विचारतायत, हे घर आहे की तुरुंग."

दुपारपर्यंत तीन खोल्या मार्गी लागल्या. बैठकीला पिवळे ठिपके, स्वयंपाकघराला निळ्या चौकटी, न्हाणीघराला साधा पांढरा. राहिली झोपायची खोली. मटार कधीच संपले होते, तरी बायको रिकामी सालं बोटांनी चाळत होती.

"तिथं बाईंना फिकट हिरवा हवाय," ती म्हणाली. "बारीक पांढऱ्या पानांचा."

"तो बंद होऊन जमाना झाला."

"बाई थांबतील. त्यांना सवय आहे."

कागदवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत लिहिलं, 'झोपायची खोली, पसंती बाकी.' आणि उठून गेले. आता हे सांगितलंच पाहिजे की या गृहस्थांच्या स्वतःच्या घरात एकाही भिंतीला कागद नव्हता. नुसता चुना, आणि डोकं टेकायच्या जागी तेलाचे डाग. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं त्यांच्या दुकानात उभं राहून एक कागद पसंत केला होता. फिकट हिरवा, बारीक पांढऱ्या पानांचा. पण कुणा गिऱ्हाइकाची एक भिंत अपुरी पडली आणि तो कागद तिकडे गेला. बायकोनं त्यावर चकार शब्द काढला नाही. कागदवाल्यांनी तो होकार समजला आणि अडतीस वर्षांत सगळं साफ विसरून गेले. बायको मात्र काही विसरली नव्हती.

बुधवारी काम सुरू झालं. कागदवाल्यांनी रीतसर चिठ्ठी लिहून बाईंना घर रिकामं करायची विनंती केली आणि त्यांची सोय फ्रिजवर लावली. फरशीवर हातरुमाल अंथरले. सुतळीला बटण बांधून ओळंबा सोडला, तर डावी भिंत कललेली निघाली. तेव्हा टेबलाच्या एका पायाखाली लाकडाची पाचर सारून त्यांनी घर सरळ केलं. ताटं आता टेबलावरून घसरू लागली, पण भिंती सरळ होत्या. आगकाड्यांची शिडीही त्यांनी केली. तिचा काही उपयोग नव्हता, पण शिडीशिवाय त्यांना काम केल्यासारखं वाटेना.

गुरुवारी तिन्ही खोल्यांना कागद लागला. ताजा कागद वाऱ्यावर सुकला की जोड उघडतात, म्हणून त्यांनी खिडक्या बंद केल्या. बाहुलीच्या नव्हे, स्वतःच्या घराच्या. पंखाही बंद. नवराबायको घामाच्या धारांत तिरप्या टेबलावर जेवले.

शुक्रवारी सकाळी मुलीचा फोन आला.

"झालं का, बाबा?"

"एका खोलीचं अडलंय. बाईंची पसंती नाही."

"बाबा, ती बाहुली आहे."

"मग? बाहुलीनं काय वाट्टेल त्या भिंतीकडे बघत झोपायचं?"

फोन ठेवून ते खोलीत आले तर बायको कपाटाचा खालचा खण उपसत होती. साड्या बाजूला काढून तिनं तळाशी अंथरलेला कागद उचलला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. फिकट हिरवा, बारीक पांढऱ्या पानांचा. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण पानं जशीच्या तशी होती.

"बाईंना पुरेल एवढा आहे," ती म्हणाली.

कागदवाले हरखले. हिच्याकडे हा कुठून आला, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. मापं घेतली तर कागद बरोबर तीन भिंतींना पुरत होता. त्यांनी वाटीत खळ कालवली, ब्रश बुडवला आणि पाठीला खळ लावायला कागद उलटा केला.

पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तुकडा कुठल्या भिंतीचा, हे मागे लिहून ठेवायची त्यांची सवय होती, आणि अक्षर त्यांचंच होतं. 'आपली खोली. खिडकीची भिंत. पुढच्या महिन्यात नक्की.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग सगळं आठवलं. दुकानात उभी असलेली नवी नवरी, नमुन्यावरून फिरणारं तिचं बोट, आणि हा पहिला कापलेला तुकडा, जो तेवढा गिऱ्हाइकाकडे गेला नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खळ सुकतेय," बायको म्हणाली.

"खळ लावली तर अक्षरं जातील."

"जाऊ देत. नाहीतरी त्यांचा काय उपयोग झाला?"

ती आत निघून गेली. कागदवाल्यांनी ब्रश तसाच वाटीत ठेवला. कालवलेली खळ त्यांनी आजवर कधी वाया घालवली नव्हती. बंद खिडक्यांच्या उकाड्यात ते बराच वेळ बसून राहिले. फ्रिजवरून बाई हसत होत्या, पण त्यांना काय विचारायचं? आपण कुणाला विचारायला हवं होतं, हे आता त्यांना कळलं होतं.

ते उठले. इस्त्रीचा शर्ट घातला, तो हिरवा तुकडा नमुन्यांच्या पुस्तकात सगळ्यात वर ठेवला, पुस्तक काखेत मारलं आणि घराबाहेर गेले. दार ओढून घेतलं. मग शर्टाची कॉलर सारखी करून त्यांनी स्वतःच्या दाराची घंटा वाजवली.

बायकोनं दार उघडलं. तिनं पुस्तक पाहिलं, वरचा तुकडा पाहिला आणि पदर खांद्यावर सारखा केला.

"कोण हवंय?"

"भिंतींच्या कागदासाठी आलोय," कागदवाले म्हणाले. "नमुने आणलेत. बाईंनी पसंत करावा म्हणून."

"मालकांना विचारावं लागेल. ते घरी नाहीत."

"कुठं गेलेत?"

"कामावर. अडतीस वर्षं झाली."

पायातल्या चपलांकडे बघत कागदवाले उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आलेत, बाई," ते म्हणाले. "आत्ताच आलेत."

तिनं दार थोडं आणखी उघडलं.

"मग पाय पुसून आत या म्हणावं त्यांना," ती म्हणाली. "खोली दाखवते."